गुग्गुळाची कॅप्सूल कुणाची वारस?

कल्याणहून कर्जतकडे निघालेली लोकल उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर या तीन शहरांतून जाते. तिन्ही ठिकाणी स्टेशनाबाहेरच्या औषधांच्या दुकानांत गुग्गुळ, अर्जुनसाल, लसूण, मेथी, आवळा यांच्या कॅप्सूल विकायला असतात. डबीवर हिरवे पान छापलेले असते आणि कोलेस्टेरॉल नैसर्गिकरीत्या आटोक्यात राहण्याचे आश्वासन असते. ती डबी घेणाऱ्याच्या मनात दोन समजुती पक्क्या असतात. हे आपल्या वैद्यांचे पूर्वापार चालत आलेले औषध आहे, ही पहिली. आणि हे ‘केमिकल’ नाही, म्हणून निर्धोक आहे, ही दुसरी. इतिहास पाहिला तर या दोन्ही समजुती टिकत नाहीत. ही कॅप्सूल वैद्याच्या बटव्याची वारस नाही, ती कारखान्याच्या युगात जन्मली आहे. वैद्याकडून तिने फक्त नाव घेतले आणि कारखान्याकडून फक्त रूप. वैद्य रोग्याची पारख करीत असे आणि चांगला कारखाना मालाची मोजणी करतो. तिच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी वाटेतच गळाल्या. हा वाद केवळ ग्रंथालयातला नाही. या डबीच्या भरवशावर डॉक्टरांनी दिलेली गोळी परस्पर बंद करणाऱ्याला त्याची किंमत हृदयविकाराच्या रूपाने मोजावी लागू शकते. आणि हा इतिहास समजून घ्यायला या तीन शहरांइतकी सोयीची जागा सहसा सापडणार नाही. गुग्गुळाचा मुलूख, रसायनाचा कारखाना आणि भाताचे खाचर या तिन्हींची कहाणी इथे एका लोहमार्गावर येते.

सुरुवात सिंधपासून करायला हवी. गुग्गुळ म्हणजे कोरड्या, खडकाळ रानातल्या एका काटेरी झुडपाचा डिंक. कच्छ, राजस्थान आणि सिंधमधला थरपारकर हा त्याचा मुलूख. अथर्ववेदात गुग्गुळाचा उल्लेख येतो तोच सिंधूकडून आणि समुद्राकडून येणारा पदार्थ म्हणून. इसवी सनाच्या पहिल्या शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या दर्यावर्दी मार्गदर्शिकेत सिंधूच्या मुखावरच्या बार्बरिकॉन बंदरातून आणि भडोचहून निर्यात होणाऱ्या मालात हा डिंक आहे, आणि त्याच मार्गदर्शिकेत कल्याण बंदराचेही नाव आहे. म्हणजे गुग्गुळाचा व्यापार आणि उल्हास नदीच्या तोंडाशी असलेले हे बंदर एकाच सागरी जगातले होते. पुढे इंग्रजी अमलात 1936पर्यंत सिंध मुंबई इलाख्याचाच भाग होता, त्यामुळे कराचीचा माल मुंबईला परका नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्यम डायमॉक या मुंबईच्या सरकारी औषधभांडाराच्या अधिकाऱ्याने पश्चिम भारतातल्या औषधी वनस्पतींवर ग्रंथ लिहिले. मुंबईच्या बाजारात कोणते मूळ, कोणती साल, कोणता डिंक कुठून येतो याची तपशीलवार टिपणे त्यांत आहेत. प्राचीन काळापासून इथवर गुग्गुळ हा कच्चा माल होता. डबी आणि तिच्यावरचा दावा अजून यायचा होता.

त्या कच्च्या मालाचे औषध कसे होई, हे जवळून पाहण्यासारखे आहे. बाजारातून आलेल्या गुग्गुळात माती, साल, काड्या असत. त्याचे खडे कापडाच्या पुरचुंडीत बांधून ती पुरचुंडी त्रिफळ्याच्या उकळत्या काढ्यात किंवा गोमूत्रात लोंबकळत सोडायची, याला दोलायंत्र म्हणतात. डिंक विरघळून काढ्यात उतरे, कचरा कापडात राही. मग तो काढा आटवून, वाळवून, तुपाचा हात लावून गुग्गुळ खलात कुटायचा, आणि कुटता कुटता त्यात इतर चूर्णे मिसळायची. शार्ङ्गधर संहितेत योगराज गुग्गुळासारखे पाठ दिलेले आहेत ते अशाच घडणीचे. सोळाव्या शतकातल्या भावप्रकाशात आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली आहे: नवा गुग्गुळ शरीर पुष्ट करतो आणि जुना गुग्गुळ चरबी खरवडून काढतो. म्हणजे एकाच डिंकाचे, वयानुसार, परस्परविरुद्ध उपयोग. शिवाय गुग्गुळ चालू असताना आंबट आणि तीक्ष्ण पदार्थ, अति श्रम, ऊन, मद्य आणि राग टाळावा असे पथ्यही दिले आहे. हा सगळा व्यवहार एका माणसाच्या नजरेखाली चाले. वैद्य नाडी पाही, प्रकृती ठरवी, अनुपान सांगे आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बोलावी. या पद्धतीने रोग किती बरे झाले, हा वेगळा प्रश्न आहे. पण ती संपूर्ण पद्धत होती, नुसता पदार्थ नव्हता. आजच्या कॅप्सूलच्या डबीवर गुग्गुळ नवा की जुना, हे लिहिलेले नसते. ज्या ग्रंथाच्या नावाने ती विकली जाते, त्याच्या दृष्टीने मुळातली गोष्टच तिथे गायब आहे.

औषध वैद्याच्या हातून सुटण्याची सुरुवात याच भागात, उल्हास खोऱ्याच्या आसपास झाली. 1872 साली कृष्णशास्त्री पुराणिक यांनी पनवेलला श्रीधूतपापेश्वर कारखाना काढला, 1899 मध्ये सांडू बंधूंचा व्यवसाय सुरू झाला, 1910 मध्ये मुंबईत झंडू फार्मास्युटिकल उभी राहिली. या संस्थांनी मोठे काम केले. खेड्यापाड्यातल्या वैद्याला स्वतः भस्मे आणि आसवे करीत बसण्याची गरज उरली नाही, तयार आणि एकसारखे औषध त्याच्यापर्यंत पोचू लागले. तरीही औषध घ्यायचे ते वैद्याच्या सल्ल्याने, ही रीत टिकून होती. कायद्याने या व्यवसायाकडे नीट लक्ष दिले ते उशिरा. 1940चा औषध कायदा मुख्यतः आधुनिक औषधांसाठी होता. आयुर्वेदिक औषधांच्या निर्मितीला परवान्याची चौकट 1964च्या दुरुस्तीने आली. 1954च्या जादूई उपायांविषयीच्या कायद्याने हृदयरोग, मधुमेह, लठ्ठपणा अशा यादीतल्या आजारांवर उपचाराची जाहिरात करायला बंदी घातली. पुढे 2006चा अन्नसुरक्षा कायदा आला आणि 2016 मध्ये पूरक आहाराचे नियम झाले. आज एकच अर्क आयुर्वेदिक औषध म्हणून एका परवान्याखाली आणि पूरक आहार म्हणून दुसऱ्या परवान्याखाली विकता येतो. पहिल्या वाटेने ग्रंथोक्त पाठाला परिणामकारकतेचा वेगळा पुरावा मागितला जात नाही, तर दुसऱ्या वाटेने रोग बरा करण्याचा दावाच करता येत नाही. ‘साहाय्यक’, ‘संतुलन राखते’ असे मोघम शब्द डब्यांवर दिसतात ते या दोन वाटांच्या मधल्या फटीतून आलेले आहेत.

‘केमिकल नाही’ ही दुसरी समजूत कळायला अंबरनाथचा इतिहास महत्त्वाचा ठरतो. हे गाव बाहेरच्यांना माहीत आहे ते शिलाहारांच्या काळात, शके 982 म्हणजे इसवी सन 1060 मध्ये उभ्या राहिलेल्या शिवमंदिरामुळे. पण आधुनिक अंबरनाथ घडले ते रसायनांवर. 1919 साली स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने इथे गंधकाम्ल आणि सुपरफॉस्फेट खत बनवायला घेतले. 1920च्या दशकात विमकोचा काडेपेटीचा कारखाना आला, पुढे संरक्षण खात्याची आयुधनिर्माणी आली, आणि महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या स्थापनेनंतर अंबरनाथ-बदलापूरच्या औद्योगिक वसाहतींत रसायने आणि औषधांचा कच्चा माल बनवणारे अनेक कारखाने उभे राहिले. या उद्योगाने गावाला पगार दिला आणि त्याचबरोबर एक भीतीही दिली. वालधुनी नदीचे काय झाले हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. 2014 साली त्या नदीत रसायन सोडले गेल्यावर उल्हासनगरातल्या शेकडो लोकांना श्वासाच्या त्रासाने रुग्णालयात जावे लागले. ‘केमिकल’ हा शब्द इथे नाकाने आणि डोळ्यांनी ओळखला जातो. म्हणून ‘नैसर्गिक’ या शब्दाला या पट्ट्यात मिळणारा विश्वास भाबडा म्हणून झटकून टाकणे अन्यायाचे होईल. त्यामागे खरी तक्रार आहे. चूक होते ती पुढच्या पायरीवर. कारखाना नदीत काय सोडतो हा एक प्रश्न, आणि गोळीतला पदार्थ शरीरात काय करतो हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचा राग दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात मिसळला की माणूस तपासलेले औषध टाकतो आणि न तपासलेले घेतो.

बदलापूरची बाजू याहून बोलकी आहे. 12 मे 1856 रोजी कल्याणच्या पुढची आगगाडी खोपोलीपर्यंत गेली आणि बदलापूर त्या मार्गावर आले. तेव्हाचा हा सगळा मुलूख भाताचा, वरकस जमिनीवर नाचणी आणि वरी, आणि डोंगरउतारावर ठाकूर-कातकऱ्यांचे जंगल. हिरडा, बेहडा, गुळवेल जंगलातून बाजारात येई. गोळा करणाऱ्याच्या हाती त्यातले फार थोडे पडे, हे दुखणे जुनेच आहे. भात उखळात मुसळाने कांडले जाई, त्यामुळे दाण्यावर थोडाफार कोंडा राही. गिरणी आली, तांदूळ पांढरा झाला आणि कोंडा गुरांकडे गेला. आता हाच कोंडा ‘राइस ब्रॅन ऑइल’ होऊन हृदयाचे तेल म्हणून परत आला आहे. त्यातल्या ओरिझॅनॉल आणि वनस्पतिजन्य स्टेरॉल या घटकांमुळे कोलेस्टेरॉल काही प्रमाणात उतरते, हे हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेत 1980च्या दशकात झालेल्या कामातूनही दिसले. पण हे तेल निघते कसे? भात सडताच कोंड्यातले विकर त्यातले तेल कुजवू लागते, म्हणून काही तासांत त्याला वाफेची उष्णता द्यावी लागते, आणि मग हेक्झेन या पेट्रोलियमजन्य द्रावकात भिजवून तेल वेगळे करावे लागते. पुढे ते शुद्ध करावे लागते. कोणत्याही आजीच्या घाण्यावर हे तेल निघाले नसते. म्हणजे ‘नैसर्गिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूमागे संपूर्ण रासायनिक कारखाना उभा असतो. यात वाईट काही नाही. पण मग ‘केमिकल नाही’ हा तिचा गुण म्हणून मिरवता येत नाही.

उल्हासनगरने या कहाणीत तिसरा धागा आणला. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ लष्कराची छावणी होती. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या सुमारे लाखभर निर्वासितांना तिच्या पाच कॅम्पांत वसवले गेले, आणि 1949च्या ऑगस्टमध्ये गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीला उल्हासनगर हे नाव मिळाले. ज्या मुलखातून हजारो वर्षे गुग्गुळ समुद्रमार्गे येत होता, तिथली माणसे आता कल्याणच्या दाराशी राहायला आली, आणि त्यांचा मुलूख मात्र सरहद्दीपलीकडे गेला. भांडवल नव्हते, जमीन नव्हती. म्हणून बराकीतल्या एका खोलीत पापड, लोणची, मिठाई, कपडे, फर्निचर, प्लास्टिकच्या वस्तू यांचे छोटे उद्योग उभे राहिले. कमी नफ्यावर जास्त माल विकायचा, आकर्षक वेष्टनात घालायचा आणि घरोघर पोचवायचा, हे या शहराचे कसब. निर्वासितांच्या कष्टाची ती मोठी कमाई आहे. त्याच काळात देशभर बाजाराची घडणच बदलत होती. जी वस्तू पूर्वी सुटी, ओळखीच्या माणसाकडून, हातात घेऊन पाहून घेतली जाई, ती आता बंद पाकिटात, नावावर आणि चित्रावर विश्वास ठेवून घेतली जाऊ लागली. पापडाच्या बाबतीत हा विश्वास पहिल्या घासाला तपासून घेता येतो. कोलेस्टेरॉल ना दुखते ना दिसते, त्यामुळे त्यावरच्या कॅप्सूलचा अनुभव ग्राहकाला कधीच येत नाही. फसवणूक असो वा प्रामाणिक चूक, ती उघडी पाडायला प्रयोगशाळाच लागते.

आणि प्रयोगशाळेत गुग्गुळ खरोखर गेला होता, हा या इतिहासाचा सर्वांत उमदा भाग आहे. जी. व्ही. सत्यवती यांनी 1966 साली बनारस हिंदू विद्यापीठात आपला प्रबंध सादर केला. सुश्रुतसंहितेतले मेदोरोगाचे वर्णन वाचून, मेदाने मार्ग अडतात ही कल्पना आणि धमनीकाठिण्य यांची तुलना त्यांनी केली, सशांवर प्रयोग केले आणि गुग्गुळाने त्यांच्या रक्तातली चरबी उतरते असे दाखवले. याच सत्यवती पुढे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या महासंचालक झाल्या. सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1972 साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून गुग्गुळाच्या रसायनावर निबंध प्रसिद्ध केला, त्यात गुग्गुलस्टेरॉन या संयुगांची ओळख पटली. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने त्यातून गुगुलिपिड हा प्रमाणित अर्क तयार केला. मुंबई, नागपूर, बंगळूर, दिल्ली, जयपूर, लखनौ आणि वाराणसी इथल्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. 1989 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार बहुसंख्य रुग्णांचे कोलेस्टेरॉल सरासरी वीस टक्क्यांहून अधिक उतरले. मुंबईच्या सिप्लाने हे औषध बाजारात आणले. या वाटेला मुंबईत पूर्वपरंपराही होती. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम रुग्णांवर तपासून 1949 साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला होता. सर्पगंधा जगभर गेली, तिच्यातले रेसर्पिन वेगळे झाले, आणि 1957 साली डॉ. वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. ग्रंथातून कल्पना घ्यायची, रुग्णावर मोजायची आणि जे निघेल ते स्वीकारायचे, ही ती वाट.

त्या वाटेवर चालायचे तर नकोसे उत्तरही स्वीकारावे लागते. 2002 साली ‘सायन्स’मध्ये गुग्गुलस्टेरॉन यकृतातल्या एका ग्राहक प्रथिनाला कसे अडवते हे प्रसिद्ध झाले, तेव्हा गुग्गुळाचे कोडे सुटले असे वाटले. पण दुसऱ्याच वर्षी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात फिलाडेल्फियातल्या 103 प्रौढांवरच्या आठ आठवड्यांच्या चाचणीचा निकाल आला. निम्न घनतेचे, म्हणजे ‘वाईट’ म्हटले जाणारे कोलेस्टेरॉल गुग्गुळ घेणाऱ्यांत चार ते पाच टक्क्यांनी वाढले होते, आणि औषध नसलेली पोकळ गोळी (प्लासिबो) घेणाऱ्यांत पाच टक्क्यांनी उतरले होते. काहींच्या अंगावर पुरळ उठले. भारतीय आणि अमेरिकी निकाल वेगळे का आले, याची कारणे सुचवता येतात: आहार वेगळा, सहभागी वेगळे, चाचणीचा आराखडा वेगळा. वैज्ञानिक दृष्टीने प्रश्न खुला आहे असे म्हणणे रास्त आहे. पण खुला प्रश्न म्हणजे सिद्ध उत्तर नव्हे. बाजाराने मात्र 1989चा निकाल उचलला आणि 2003चा वगळला. डबीवर दोन्हींचा उल्लेख असता तर ग्राहकाला निवड करता आली असती.

आता पहिला आक्षेप घेऊ. हजारो वर्षांचा अनुभव हाही पुरावा नाही का? काही बाबतींत नक्कीच आहे. ताप उतरला, जुलाब थांबले, जखम भरली हे डोळ्यांना दिसते, आणि पिढ्यान्‌पिढ्यांचे निरीक्षण तिथे मोलाचे ठरते. पण वाढलेल्या कोलेस्टेरॉलला लक्षण नसते. आहारातल्या कोलेस्टेरॉलने सशांच्या धमन्या कशा भरतात हे निकोलाय अनिच्कोव्हने सेंट पीटर्सबर्गमध्ये 1913 साली दाखवले, आणि माणसांच्या रक्तात ते नेमाने मोजणे तर त्याहूनही अलीकडचे. जी गोष्ट कुणाला दिसत नव्हती तिच्यावर कोणते औषध चालते, हे परंपरा कितीही सूक्ष्म असली तरी कसे सांगणार? सुश्रुतांचा मेदोरोग हा स्थूल, धापा टाकणाऱ्या, घामाघूम होणाऱ्या माणसाचा आजार आहे. कोलेस्टेरॉल वाढलेला माणूस सडपातळही असू शकतो. सत्यवतींनी मेदोरोगावरून अंदाज बांधला आणि मग तो तपासला. तपासण्याची पायरी वगळून अंदाजालाच निष्कर्ष म्हणून विकणे हा त्यांच्या कामाचा आणि सुश्रुतांच्या निरीक्षणशक्तीचाही अवमान आहे.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. औषधकंपन्या धंदा करतात, कोलेस्टेरॉलसाठी डॉक्टर देतात त्या स्टॅटिन गोळ्यांचे दुष्परिणाम आहेत, मग माणसाने निसर्गाकडे वळू नये काय? दुष्परिणाम आहेतच. काहींना स्नायूदुखी होते, मधुमेहाची शक्यता किंचित वाढते. पण हे आपल्याला ठाऊक आहे, कारण हजारो लोकांवर ते मोजले गेले. गुग्गुळाचे पुरळही असेच चाचणीत मोजले म्हणूनच कळले. आणि निसर्गाचे म्हणाल तर स्टॅटिन हे स्वतः बुरशीचे अपत्य आहे. अकिरा एन्डो या जपानी संशोधकाला पहिले स्टॅटिन मिळाले ते क्योटोतल्या धान्याच्या दुकानातल्या तांदळावरच्या बुरशीत. 1987 साली अमेरिकेत मान्यता मिळालेले लोव्हास्टॅटिनही बुरशीतूनच आले. चीनमध्ये शतकानुशतके आंबवल्या जाणाऱ्या लाल तांदळातला मोनाकोलिन के हा घटक म्हणजे हुबेहूब लोव्हास्टॅटिनच. म्हणून 1998 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा तांदळाच्या एका उत्पादनाला पूरक आहार न मानता औषध ठरवले, आणि युरोपीय संघाने 2022 साली त्याच्या रोजच्या मात्रेवर मर्यादा घातली. 2024 साली जपानमध्ये अशाच लाल तांदळाच्या पूरक गोळ्यांत दुसऱ्या बुरशीचे विष मिसळल्याने अनेकांच्या मूत्रपिंडांना इजा झाली. रेणू तोच, पण एका ठिकाणी मिलिग्रॅममध्ये मोजलेला आणि दुसरीकडे न मोजलेला. शरीराला ‘नैसर्गिक’ आणि ‘रासायनिक’ यांतली सीमारेषा माहीत नाही, त्याला मात्रा माहीत आहे. पैशाचा मुद्दाही उलट बाजूचा आहे. अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून जनऔषधी केंद्रांत स्वस्तात मिळते. गरिबाचा खिसा जास्त रिकामा होतो तो डबीने.

तिसऱ्या आक्षेपात तथ्य आहे: सगळेच नैसर्गिक उपाय निरुपयोगी नाहीत. इसबगोलाच्या भुशीचा चिकट तंतू आतड्यातली पित्ताम्ले धरून ठेवतो, ती भरून काढायला यकृत रक्तातले कोलेस्टेरॉल वापरते आणि पातळी उतरते. रोज सात ग्रॅम विद्राव्य तंतू मिळेल इतक्या इसबगोलाबाबत हृदयहिताचा उल्लेख करायला अमेरिकेने 1998 साली परवानगी दिली. ओट्स, मेथीदाणे, वनस्पतिजन्य स्टेरॉल यांच्यामागेही पुरावा आहे. पण या पदार्थांची मात्रा चमच्यांत मोजावी लागते. एक-दोन कॅप्सूलमध्ये ती मावत नाही. ते अन्न आहे, आणि अन्नाच्या प्रमाणात, रोज, वर्षानुवर्षे खाल्ले तरच लागू पडते. 2022 साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत रोसुव्हास्टॅटिनची पाच मिलिग्रॅमची छोटी मात्रा आणि मासळीचे तेल, दालचिनी, लसूण, हळद, स्टेरॉल, लाल तांदूळ अशी सहा पूरके 28 दिवस ताडून पाहिली. गोळीने ‘वाईट’ कोलेस्टेरॉल सुमारे 38 टक्क्यांनी उतरले. सहांपैकी एकाही पूरकाने ते पोकळ गोळीहून लक्षणीय उतरले नाही. चाचणी लहान आणि अल्पकाळाची होती, हे खरे. तरी ज्याला डॉक्टरांनी औषध सांगितले आहे त्याने त्याऐवजी डबी घेऊ नये, एवढे त्यातून निश्चित निघते.

महाराष्ट्राच्या संदर्भात आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागते. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीत महाराष्ट्र, तमिळनाडू, झारखंड आणि चंदीगढ इथल्या प्रौढांचे रक्त तपासले गेले. एकूण कोलेस्टेरॉल वाढलेले लोक 13.9 टक्के होते, ट्रायग्लिसराइड वाढलेले 29.5 टक्के, आणि ‘चांगले’ कोलेस्टेरॉल कमी असलेले तब्बल 72.3 टक्के. म्हणजे आपल्याकडचे मोठे दुखणे नुसते वाढलेले कोलेस्टेरॉल नाही. बैठी कामे, पांढरा भात, साखर, पोटावरची चरबी आणि तंबाखू यांच्याशी जोडलेला तो बिघाड आहे. बदलापूरचा भात कांडणारा माणूस निरोगी होता असा दावा कुणी करू नये, तेव्हा ते कुणी मोजलेच नव्हते. पण त्याच्या दिवसात चालणे होते, तंतू होता आणि मेहनत होती, आणि यांतले काहीही कॅप्सूलमध्ये भरता येत नाही. शिवाय या कॅप्सूलची किंमत झाडही मोजते आहे. जास्त डिंक मिळावा म्हणून गुग्गुळाच्या खोडाला खोल चिरा देतात आणि सावकाश वाढणारे ते झुडूप मरून जाते. जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत गुग्गुळ अतिसंकटग्रस्त आहे. ज्या परंपरेचे नाव घेऊन हा व्यापार चालतो, तिचे मूळच तो संपवतो आहे.

म्हणून मागणी परंपरा सोडण्याची नाही, ती पुढे नेण्याची आहे. कोलेस्टेरॉलचे नाव घेऊन विकल्या जाणाऱ्या प्रत्येक डबीवर अर्कातल्या क्रियाशील घटकाचे मोजलेले प्रमाण, माणसांवर झालेल्या चाचण्यांचा अनुकूल आणि प्रतिकूल निकाल, आणि ‘डॉक्टरांनी दिलेले औषध बंद करू नका’ ही सूचना मराठीत ठळक छापणे कायद्याने सक्तीचे व्हायला हवे. ते होईपर्यंत ग्राहकाने तीन प्रश्न विचारावेत: यात नेमके किती आहे, ते कुणी तपासले, आणि तीन महिन्यांनी रक्त तपासून माझा फरक मी पाहणार आहे का? सत्यवती, सुखदेव आणि वकील यांनी आपल्या औषधींना विचारले ते हेच प्रश्न. वैद्यकाचा वारसा खरा कुणाचा, तर जो असे प्रश्न विचारतो आणि उत्तर नावडते आले तरी मान्य करतो त्याचा.